रिकाम्या ट्यूबांची पिशवी

"झूठ! सब झूठ बोल रहे हैं ये!"

माझी मुलगी ओरडली तेव्हा आम्ही चंडीगडच्या एका सरकारी रुग्णालयाच्या त्वचा विभागात डॉक्टरांच्या टेबलासमोर बसलो होतो. मी नुकतंच, चेहरा शक्य तेवढा सात्त्विक करून सांगितलं होतं, "छे हो डॉक्टर, खोबरेल तेलाशिवाय आम्ही कशाला हातसुद्धा लावलेला नाही." दार उघडंच होतं. बाहेरच्या बाकांवर दीडशे माणसं खाजवत बसली होती, ती सगळी एकदम खाजवायची थांबली. हे मी वाढवून सांगतोय, पंधरा-वीस असतील. पण थांबली, हे खरं आहे.

मुलगी सतरा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत येतं. बदलीच्या नोकरीतल्या माणसाची लेक, तिची बाराखडी भोपाळला सुरू झाली आणि जयपूरला संपली. एरवी ती ओरडणारी नाही. घरात ओरडायचं खातं माझ्याकडे आहे. त्यामुळे तो आवाज तिचाच, हे कळायलाही मला क्षणभर वेळ लागला.

"अगं, हळू..." मी म्हणालो.

तिनं सॅकमधून प्लास्टिकची पिशवी काढली आणि टेबलावर उपडी केली. चौदा ट्यूबा पडल्या. सगळ्या रिकाम्या, चपट्या, शेपटीपासून तोंडापर्यंत घट्ट गुंडाळत नेलेल्या. ते गुंडाळणं माझंच होतं, टूथपेस्टची ट्यूबही मी तशीच गुंडाळतो. ती त्या जपून ठेवत होती, आणि मला वाटत होतं की मी त्या कचऱ्यात टाकतोय.

"दो साल से यही लग रहा है," ती डॉक्टरांना म्हणाली. आवाज आता खाली आला होता. "नारियल तेल तो पूजा में लगता है हमारे यहाँ."

डॉक्टर तरुण मुलगी, अकोल्याकडची. आम्ही मराठी आहोत हे केसपेपरवर बघून तिचा चेहरा आधी खुलला होता. आता तिनं एक ट्यूब उचलली, उलगडली, बारीक अक्षरं वाचली आणि माझ्याकडे पाहिलं.

"काका, हे काऊन लपवून राहिले होते?"

का लपवत होतो, ते सांगायचं तर मी कोण, हे सांगावं लागेल.

मी मूळचा कऱ्हाडकडचा, केंद्र सरकारच्या नोकरीत. दर तीन-चार वर्षांनी सरकार मला उचलतं आणि नव्या शहरात ठेवतं. अशा माणसाला जुने मित्र नसतात. नव्या गावात पाय रोवायला प्रत्येकाला काहीतरी लागतं. कुणी उत्तम ब्रिज खेळतो, कुणाची बायको पुरणपोळी करते. मी गोष्टी सांगतो. भोपाळच्या ऑफिसात बिबट्या शिरला होता आणि मी त्याला आवक-जावक रजिस्टर पुढे करून "आधी नोंद करा" म्हणालो, तर तो वैतागून परत गेला, ही माझी गोष्ट तीन राज्यांत चालली आहे. बिबट्या नव्हता. मांजर होती. तीही आमची, डब्याच्या वासानं यायची. पण मांजरीची गोष्ट सांगून कुणी तुम्हाला जेवायला बोलावत नाही.

चंडीगडच्या मराठी मंडळात मी आलो तो असा. तिथे डॉक्टर आहेत, विद्यापीठातले प्राध्यापक आहेत, बँकवाले आहेत. सगळे शिकलेले, सगळे आपापल्या सेक्टरात एकटे. रविवारी जमले की मला म्हणायचे, "हं, काढा एक." आणि मी काढायचो.

मुलीच्या कातडीचा त्रास लहानपणापासूनचा. कोपराच्या आतली बाजू, गुडघ्यांच्या मागची खोबण, मान. लाल व्हायचं, खाजायचं, पाणी सुटायचं, सुकायचं, परत तेच. भोपाळला शेजारच्या काकू म्हणाल्या, उष्णता आहे, सब्जा द्या. जयपूरला एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी काहीतरी वेगळंच सांगितलं, त्याच्यावर मी नंतर येतो. इथे आल्यावर पहिला हिवाळा असा पडला की बादलीतलं पाणी माझ्याकडे बघून दात वाजवायचं. आम्ही कढत पाण्यानं आंघोळी सुरू केल्या, बायकोनं जाड लोकरीचा स्वेटर विणला, आणि पोरीच्या हातांनी पेट घेतला.

मी आमच्या मार्केटातल्या केमिस्टकडे गेलो. भला माणूस. काउंटरवरूनच मुलीचा हात बघितला, म्हणाला, "दाद है जी, पक्का." दाद म्हणजे गजकर्ण. त्यानं ट्यूब दिली. तीन औषधं एकात, म्हणाला, जो भी होगा, मरेगा.

आणि मेलं की हो! तिसऱ्या दिवशी कोपर असं साफ, जणू रात्रीतून कुणी नवीन बसवून गेलं. मी त्या ट्यूबेवर खूष झालो. खूष म्हणजे किती, तर मंडळात पाडव्याच्या सकाळी मी उभा राहून तिची गोष्ट सांगितली. तेव्हा मी म्हणालो:

"आमची पोरगी अशी खाजवायची, अशी खाजवायची, की खालचे सरदारजी वर आले. म्हणाले, ओ जी, घर में मिस्त्री लगाया है क्या, सुबह से रंदा चल रहा है!"

लोक हसले. विद्यापीठातले एक प्राध्यापक तर डोळे पुसायला लागले. सरदारजी आलेच नव्हते. खाली सरदारजी राहतसुद्धा नाहीत, खाली पोस्टातल्या एक बाई राहतात. मी दोन्ही हातांनी रंदा मारून दाखवत होतो, आणि मुलगी पन्ह्याचे ग्लास घेऊन माझ्या मागे उभी होती. मला ती दिसली नाही. बायकोला दिसली. मुलीनं ट्रे कठड्यावर ठेवला आणि ती चालत घरी गेली.

त्या दिवसानंतर ती मंडळात आली नाही. जूनमध्ये, जेव्हा इथला सूर्य शिफ्ट संपली तरी घरी जात नाही, तेव्हाही ती पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून सेक्टर चौतीसला कोचिंगला जायची.

"तिला उकडत नाही का गं?" मी बायकोला विचारलं.

"अहो, हात तिचे आणि तोंड तुमचं," बायको म्हणाली. "तोंड मिटत नाही, म्हणून हात झाकते ती."

मी हसलो. मला तो चांगला टोला वाटला होता. दोन-तीन ठिकाणी मी तो सांगितलाही.

मंडळातल्या तीन घरांनी माझ्याकडून ट्यूबेचं नाव लिहून नेलं. आमच्याकडे मात्र गंमत व्हायला लागली. ट्यूब थांबवली की आठवड्यात परत यायचं, आधीपेक्षा जास्त, आणि आधी नव्हतं तिथंही. मग मी दुसरी ट्यूब आणायचो. मग तिसरी. केमिस्ट म्हणायचा, जिद्दी है जी. मीही लोकांना तेच सांगायचो, की आमच्या घरातलं गजकर्णसुद्धा कऱ्हाडचं, सहज हटणारं नव्हे. मनातून मला कळायला लागलं होतं की काहीतरी चुकतंय. पण जी गोष्ट आपण उभं राहून सांगितली तिचा शेवट बदलायचा म्हणजे परत उभं राहावं लागतं. ते मला जमलं नाही. मी ट्यूब आणत राहिलो, आणि पोरीनं त्या जमवल्या.

मुलीला डॉक्टर व्हायचं होतं, त्याची प्रवेश परीक्षा मे महिन्यात होती. मार्चमध्ये कोचिंगला सराव परीक्षा झाली तेव्हा तिच्या उत्तरपत्रिकेवर रक्ताचे ठिपके पडले. बोटं भेगाळली होती, कोपर टेबलाला घासून फुटलं होतं. तिला दुसरी उत्तरपत्रिका मिळाली, वेळ मिळाला नाही. घरी येऊन ती आईला म्हणाली, "मुझे बस तीन घंटे बैठना है, आई. बिना खुजाए. बस तीन घंटे." मी दुसऱ्या खोलीत होतो. ते वाक्य मी ऐकलं, आणि त्याची कुठलीही गोष्ट मला सुचली नाही.

म्हणून तर आम्ही त्या टेबलासमोर आलो. आणि तिथेही, डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "काय काय लावलं आजवर?", तर मी आपला खोबरेल तेल घेऊन पुढे. केमिस्टच्या सांगण्यावरून मी दोन वर्षं पोरीवर प्रयोग केला, हे आपल्याच मुलखातल्या शिकलेल्या मुलीसमोर कसं सांगणार? माझी लाज झाकायला मी पोरीचं औषध पणाला लावलं. मोठमोठ्या थापा मी आयुष्यभर मारल्या, पण त्यातली एकही इतकी छोटी नव्हती.

"काका, तुम्ही पाच मिनिटं गप्प बसता का?" डॉक्टर म्हणाली. "मला पेशंटशी बोलायचंय."

मी गप्प बसलो. आमच्या घराण्यात हे प्रथमच घडत होतं.

तिनं मुलीला विचारलं, किती वर्षांपासून आहे? कुठे पहिल्यांदा आलं? आधी खाज की आधी लाली? झोप लागते का? काय घातलं की वाढतं? मुलगी उत्तरं देत गेली. धडाधड, तारखेवार, जणू कुणी कधीतरी विचारेल म्हणून ती पाठ करून बसली होती. गरम पाण्यानं वाढतं. लोकरीनं वाढतं. घाम आला की वाढतं. परीक्षा जवळ आली की वाढतं. ट्यूब लावल्यावर आता जळजळतं. मी तिच्या शेजारी बसून हे पहिल्यांदा ऐकत होतो. ट्यूबा मी आणल्या होत्या, आणि त्या जळजळतात हे मला माहीत नव्हतं.

डॉक्टरनं पात्याच्या कडेनं कातडी हलकेच खरवडली, काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघून आली. बुरशीचा मागमूस नव्हता.

"घरात कुणाला दमा? सर्दी, शिंका?"

आता मला राहवेना. "मला रोज सकाळी चाळीस शिंका येतात. सलग. एकदा तर शेजारच्या बाल्कनीतला पोपट..."

"बाबा," मुलगी म्हणाली.

"येतात शिंका," मी म्हणालो.

"मग तुमच्या शिंका अन् हिची खाज एकाच घरच्या आहेत, काका. एक्झिमा आहे हा. आपल्याकडे इसब म्हणतात. गजकर्ण नव्हतंच कधी. हिची कातडी मुळातच कोरडी, ओल धरत नाही, अन् जराशा गोष्टीनं चिडते. जन्माचा स्वभाव आहे तो. जात नाही, पण सांभाळता येतो. चांगला सांभाळता येतो."

मग तिनं ट्यूबांकडे बोट केलं. त्यातल्या तीन औषधांत एक जोरदार स्टिरॉइड होतं. त्यानं लाली दबायची, म्हणून मला ते बरं झालेलं दिसायचं. स्टिरॉइड वाईट नाही, ती म्हणाली, मीही देणार आहे, पण योग्य ताकदीचं, बोटाच्या एका पेरावर मावेल एवढं, मोजक्या दिवसांसाठी, आणि माझ्या नजरेखाली. दोन वर्षं नाही. तिनं मुलीचा हात उजेडात धरला आणि कोपराच्या आतल्या बाजूला दाखवलं. तिथली कातडी कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ झाली होती, खालच्या शिरा दिसत होत्या, आणि आडव्या जांभळट रेषा उमटल्या होत्या.

"ह्या रेषा?" मी विचारलं.

"फिकट होतील. जाणार नाहीत."

"आणि परीक्षा?" मुलीनं विचारलं. "मे में है, मॅम."

डॉक्टरनं तिचा हात अलगद खाली ठेवला. "ट्यूब बंद केली की कातडी रुसते. काही आठवडे आतापेक्षा वाईट दिसेल, आग होईल. मी शक्य ते सगळं करेन. पण मे फार जवळ आहे, बेटा. तू दोन वर्षांपूर्वी आली असतीस तर..."

मग ती केसपेपर माझ्याकडे सरकवत म्हणाली, "जुने कागद आहेत का काही? आधी कुणी बघितलं असेल न?"

"बदलीत हरवले," मी म्हणालो. हे मला तेव्हा खरं वाटत होतं.

घरी आल्यावर नवा कारभार सुरू झाला. कोमट पाण्याची थोडकी आंघोळ, आणि अंग टिपून लगेच, ओल असतानाच, साधं मलम. वास नसलेलं, रंग नसलेलं, चमत्कार नसलेलं. दिवसातून तीनदा. अंगाला लागून फक्त सुती कापड. नखं कापलेली. पाहणाऱ्याला कंटाळा यावा असं सगळं.

आणि मी त्या तीन घरी फोन केले. सांगितलं की ती ट्यूब लावू नका, डॉक्टरांकडे जा. पहिल्या घरचे काका हसत सुटले. "काय राव, नवीन किस्सा वाटतं? रंद्याचा पुढचा भाग?" मी म्हणालो, नाही हो, खरंच सांगतोय. ते आणखी हसले. दुसऱ्यांनी फोन स्पीकरवर टाकला, घरातल्यांना ऐकवायला. तिसऱ्या घरी मी स्वतः गेलो, कारण त्यांचा नातू चार वर्षांचा होता. दारात उभा राहून हात जोडले. तेवढ्या एका घरानं ऐकलं. बहुतेक माझा चेहरा बघून.

डॉक्टर म्हणाली होती तसंच झालं. एप्रिलभर पोरीचे हात आणि मान भाजल्यासारखी लाल होती. मे महिन्यात ती परीक्षेला बसली. मी केंद्राबाहेर झाडाखाली इतर आईबापांत उभा होतो. एक हरियाणवी गृहस्थ म्हणाले, "भाईसाहब, कुछ सुनाओ, टाइम पास हो." माझी कीर्ती तिथवर गेली नव्हती, माझा चेहराच तसा आहे. मी म्हणालो, घसा बसलाय.

तीन तासांनी ती बाहेर आली. डाव्या बाहीवर ओला डाग होता. "कसा गेला?" म्हटलं. "बैठी रही," ती म्हणाली. निकाल आला तेव्हा कळलं, की बसली होती, एवढंच.

त्यानंतर हळूहळू फरक पडला. ऑगस्टपर्यंत ती सलग झोपायला लागली. सप्टेंबरात तिनं एकदा अर्ध्या बाह्यांचा कुर्ता घातला, कोपरातल्या रेषांसकट. बायको ओट्याशी, आमच्याकडे पाठ करून, बराच वेळ एकच वाटी घासत राहिली.

आणि मग माझ्या बदलीची ऑर्डर आली.

दिवाणखान्यात खोकी आली, सुतळी आली, कात्री हरवली. बदलीचे आम्ही इतके सराईत की हातांना डोळे फुटलेत. चहाचे चांगले कप आम्ही इथे उघडलेच नव्हते, जयपूरहून बांधून आणलेलं खोकं तसंच माळ्यावर होतं. बायको म्हणाली, एकदा बघून घ्या, फुटले असतील तर कशाला ओझं. मी खाली बसलो आणि एकेक कप सोडायला लागलो. कप गुंडाळायला मी नेहमी घरातली रद्दी वापरतो, हाताला लागेल तो कागद. वर्तमानपत्र, विजेचं बिल, शाळेची सूचना.

चौथ्या कपाभोवती डॉक्टरांचा कागद होता.

जयपूरच्या त्या म्हाताऱ्या डॉक्टरांचा. चुरगळलेला, पण अक्षर स्वच्छ, डॉक्टरच्या मानानं तर देवनागरी शिलालेखच. वर मुलीचं नाव, वय अकरा. खाली लिहिलं होतं: एक्झिमा, कोरडी त्वचा, लहानपणापासून. आंघोळीनंतर रोज साधं मलम. आणि शेवटी, दोनदा खाली रेघ ओढून: दुकानातली मिश्र मलमं लावू नयेत. दोन महिन्यांनी दाखवावे.

मला तो दिवस आठवला. त्या डॉक्टरांनी साधी पेट्रोलियम जेली लिहून दिली म्हणून मी जयपूरच्या मंडळींत त्यांची नक्कल केली होती. "एवढं शिकून शेवटी काय, तर ओठांना लावतात ते!" फार हशा पिकला होता. साध्या मलमाची गोष्ट होत नाही, गंमत होते. मी गंमत केली, आणि बदलीच्या वेळी कागद कपाला गुंडाळला. सहा वर्षं तिचं निदान आमच्याच घरात होतं, इथे आल्यापासून तर माळ्यावर, कपाला ओरखडा येऊ नये म्हणून.

कपाला आला नव्हता.

मी कागद घेऊन मुलीच्या खोलीत गेलो. ती आमच्याबरोबर येणार नव्हती, हे ठरलं होतं. सेक्टर चौतीसजवळ पेइंग गेस्ट राहणार, पुन्हा वर्षभर अभ्यास करणार. आम्ही म्हटलं होतं, नव्या गावीही कोचिंग असतं. ती म्हणाली होती, "कोचिंग मिल जाएगी. डॉक्टर फिर से शुरू से करनी पड़ेगी." तिच्या टेबलावर निळी फाइल होती, त्यात अकोल्याच्या डॉक्टरचे सगळे कागद क्रमानं लावलेले. ती फाइल तिनं कुठल्याच खोक्यात जाऊ दिली नव्हती.

ती नुकतीच आंघोळ करून आली होती आणि खिडकीशी बसून कोपराला मलम लावत होती. मी कागद तिच्यासमोर धरला. तिनं वाचला. दोन रेघांपाशी थोडी थांबली. पंच केला आणि फाइलमध्ये सगळ्यात खाली, पहिला म्हणून, लावून टाकला.

मला वाटलं, आता ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडण्याला उत्तर देण्यात माझी हयात गेली आहे.

"तू होतीस ना तिथे," मी म्हणालो. "अकरा वर्षांची होतीस. डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलं असशील. मग मी ट्यूबा आणत होतो, लोकांना काय काय सांगत होतो, तेव्हा एकदा तरी का नाही बोललीस, बाळा?"

तिनं पेरावर आणखी थोडं मलम घेतलं.

"आप सुना रहे थे, बाबा."